हेक्टर, हजर!

आपल्या शाळेच्या हजेरीपटावर आडनाव आधी आणि नाव मागून असायचं. आमच्या वर्गात पाच सावंत होते, त्यामुळे "सावंत" अशी हाक आली की पाचही जण पुढच्या नावासाठी कान टवकारून बसायचे. आठवीत जीवशास्त्राच्या बाईंनी सजीवांना दोन शब्दांचं शास्त्रीय नाव देण्याची द्विनाम पद्धती शिकवली ती याच हजेरीपटावरून. "मॅन्जिफेरा इंडिका. मॅन्जिफेरा हे आडनाव, इंडिका हे नाव. आंब्याच्या घराण्यातला भारतातला. झालं!" प्रजाती आणि जाती यांतला घोळ माझ्या डोक्यातून त्या दिवशी जो गेला तो कायमचा.

बाई मूळच्या वसईच्या. त्यांच्या लहानपणी चर्चमधली मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची, त्यामुळे ती भाषा त्यांच्या कानात मुरलेली होती. पाठ्यपुस्तकातली जी नावं आम्ही अडखळत वाचायचो, ती त्या गाण्यासारखी म्हणायच्या. सावंतवाडीच्या बाजूच्या आमच्या डोंगरपायथ्याच्या शाळेत त्या कशा आल्या हे मी कधी विचारलं नाही. आल्या हे आमचं भाग्य.

1983 सालची गोष्ट. ऑक्टोबरचं ऊन पडलं होतं आणि शाळेच्या मागच्या गडग्यावर घाणेरी फुलली होती. मधल्या सुट्टीत मी तिथे एक फुलपाखरू पकडलं. काळेभोर पंख, पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे, मागच्या पंखांवर लालभडक ठिपके, आणि डोकं नि अंगही लाल. संथ उडत होतं, रुमालात सहज आलं. ते मी वहीच्या पुठ्ठ्यावर ठेवलं, कंपासपेटीतल्या कर्कटकाचं टोक त्याच्या छातीतून आरपार घातलं आणि बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं. शाबासकी मिळेल अशी माझी खात्री होती.

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हा कोण, माहीत आहे? हेक्टर."

आम्हाला हेक्टर माहीत होता तो सातबाऱ्यावरचा. कुणीतरी म्हणालंही, "बाई, जमिनीचा?" त्या म्हणाल्या, जमिनीच्या हेक्टरमध्ये 'शंभर' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे, याचा त्याच्याशी संबंध नाही. हा माणूस होता. ट्रॉयचा राजपुत्र. आणि पुस्तक मिटून त्यांनी उरलेला तास त्याची गोष्ट सांगितली.

ट्रॉयचा राजा प्रायाम. धृतराष्ट्राला शंभर मुलगे, याला पन्नास. त्यातल्या पॅरिसने दुसऱ्याची बायको पळवून आणली आणि सगळा ग्रीस जहाजं भरून दारात आला. हेक्टरला ते युद्ध नको होतं. पण गाव आपलं, म्हणून सगळ्यांच्या पुढे तोच. एकदा लढाईतून तो घटकाभर शहरात येतो, बायको तान्ह्या मुलाला घेऊन वेशीवर भेटते. बापाच्या शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा बघून पोर भिऊन रडायला लागतं. हेक्टर हसतो, शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि मग मुलाला उचलून घेतो. पुढे अकिलीस या ग्रीक वीराने त्याला मारलं, घोट्यांपाशी बांधून रथामागून फरफटत नेलं. म्हातारा प्रायाम रात्री शत्रूच्या छावणीत गेला आणि ज्या हातांनी मुलगा मारला त्या हातांचं चुंबन घेऊन त्याने मुलाचं प्रेत मागितलं.

एक मुलगा म्हणाला, "बाई, म्हणजे कर्णासारखा." बाई म्हणाल्या, "नाही रे. कर्णाला आपलं घर कधी मिळालंच नाही. हेक्टरला घर होतं, आणि त्या घरासाठीच तो वेशीबाहेर उभा राहिला."

मग त्यांनी माझा पुठ्ठा उचलून सगळ्या वर्गाला दाखवला. "याला एकदा मारून झालंय. पुन्हा कशाला मारलास?"

मला ओरडल्या नाहीत. शिक्षा एवढीच, की रोज मधल्या सुट्टीत घाणेरीपाशी जाऊन जिवंत हेक्टर किती दिसले ते मोजायचं आणि फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहायचं. 'हेक्टर – 3'. 'हेक्टर – 5'. ज्या दिवशी एकही दिसला नाही त्या दिवशी सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, "गैरहजर!" आणि दिसला की, "हेक्टर, हजर!" हे दहावीपर्यंत चाललं.

हे नाव त्याला कोणी दिलं, हेही बाईंनीच सांगितलं. स्वीडनच्या कार्ल लिनियसने 1758 साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत प्राण्यांना दोन-दोन शब्दांची नावं दिली. फुलपाखरं दोनशेच्या घरात होती आणि सगळ्यांचं आडनाव एकच, पॅपिलिओ, म्हणजे लॅटिनमध्ये फुलपाखरूच. नावं कुठून आणायची? त्याने ट्रॉयच्या युद्धाच्या गोष्टी सांगणारे जुने कवी उघडले, ग्रीक होमर आणि लॅटिन व्हर्जिल. मोठ्या, देखण्या फुलपाखरांना त्याने 'एक्विटीस', म्हणजे सरदार म्हटलं आणि त्यांच्या दोन फौजा केल्या, ट्रोजन, म्हणजे ट्रॉयचे, आणि ग्रीक. ज्यांच्या छातीवर रक्तासारखे डाग, आणि जे बहुतेक काळे, ते ट्रोजन. ज्यांची छाती रक्ताविना, ते ग्रीक. काळा पोशाख आणि छातीवर रक्त: हरलेल्यांची, मेलेल्यांची फौज. मी टोचलेल्या फुलपाखराची ती लाल छाती मला तेव्हा कळली. लिनियसने यादीत पहिली जागा दिली तीही हरलेल्या राजाला, प्रायामला. हेक्टर दुसरा. या एका गोष्टीसाठी मला तो माणूस फार जवळचा वाटतो.

नावं ग्रीक, पण अंगरखा लॅटिन. ग्रीकांचा प्रियामॉस लॅटिनमध्ये प्रियामस होतो, ओडिसियस या ग्रीक वीराचा तर पार उलिक्सेस होतो, आणि त्यावरूनच पुढे युलिसिस. इंडोनेशियाच्या अंबोन बेटावरच्या एका झगझगीत निळ्या फुलपाखराला लिनियसने तेही नाव दिलं. फुलपाखरांची आडनावं पुढे बदलली, आपला हेक्टर आता पॅपिलिओ राहिला नाही, पॅकलिऑप्टा झाला. पण नाव तेच. नियमच तसा आहे, घराणं बदललं तरी नाव पुसायचं नाही.

एकदा हे कळल्यावर शाळेचं आवार आमच्यासाठी रणांगण झालं. प्रार्थनेच्या मैदानाकडेला जे उंच अशोक होते (एक अजून आहे), त्यांच्या पानांवर ॲगमेम्नॉनच्या अळ्या असायच्या. काळ्यावर हिरवे ठिपके असलेलं हे फुलपाखरू फुलावर बसतानाही पंख फडफडवत राहतं. ग्रीकांचा सेनापती. त्याच्याबद्दल मला कधी प्रेम वाटलं नाही. शिडात वारा भरावा म्हणून त्याने पोटची मुलगी बळी दिली, हे पुढे वाचलं तेव्हा तर नाहीच नाही.

घरच्या परड्यात कढीपत्त्यावर होता डेमोलिअस. त्याची अळी सगळ्यांनी पाहिलेली असते: आधी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते, आणि बोट लावलं की डोक्यामागून नारिंगी, दुतोंडी शिंग बाहेर काढते. त्याला उग्र वास येतो. बाईंना डेमोलिअसची गोष्ट ठाऊक नव्हती, ती मी खूप वर्षांनी व्हर्जिलचं इंग्रजी भाषांतर घेऊन शोधली. एकाच ठिकाणी येतो तो, तोही मेल्यावर. ट्रोजन वीर ईनिअस त्याचं चिलखत नौकांच्या शर्यतीत बक्षीस म्हणून देतो. सोन्याच्या तिहेरी कड्यांचं, इतकं जड की दोन नोकर खांद्यावर घेऊनही वाकतात. तेच चिलखत अंगावर घालून डेमोलिअस पळत्या ट्रोजनांचा पाठलाग करायचा. एवढ्या ओळी. पण आज ते नाव भारतभरच्या लिंबाच्या झाडांवर आहे.

सगळ्यात जास्त जीव जडला तो मात्र पॉलिटीसवर. हाही प्रायामचा मुलगा, आईबापांच्या डोळ्यांसमोर मारला गेलेला. लिनियसने पॅमॉन आणि पॉलिटीस अशी दोन वेगळी फुलपाखरं नोंदवली होती, दोघांनाही प्रायामच्याच मुलांची नावं दिली होती. 1865 साली आल्फ्रेड रसेल वॉलेस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की ती दोन नाहीतच. एकाच जातीत नर एका रूपाचा आणि माद्या वेगवेगळ्या रूपांच्या. त्यातल्या काही माद्या हुबेहूब हेक्टरचा वेश घेतात. कारण हेक्टरची अळी सापसंदाच्या विषारी वेलीवर वाढते, ते विष फुलपाखरातही उतरतं आणि एकदा तोंड पोळलेला पक्षी त्या काळ्या-लाल रंगाच्या वाटेला जात नाही. पॉलिटीस लिंबा-कढीपत्त्यावर वाढलेली, तिच्यात विष नाही. म्हणून ती भावाचे कपडे घालून फिरते. माझ्या फळ्यावरच्या आकड्यात या तोतया शिरायच्या. बाईंनी ओळख शिकवली: "पंखांवर जाऊ नकोस. छाती बघ." पॉलिटीसचं अंग काळं, हेक्टरचं लाल. लिनियसची खूणच ती. त्यानंतर मोजणी चुकली नाही.

आता आमच्याकडच्या निळ्या फुलपाखराबद्दल. आमच्या पऱ्ह्यावर पावसाळा सरता सरता ते यायचं, पंख पसरले की 12-15 सेंटीमीटरचं, मखमली काळं आणि त्यावर आभाळ सांडल्यासारखं निळं. त्याचं नाव पॉलिम्नेस्टर. ते ठेवलं ॲमस्टरडॅमच्या पीटर क्रॅमर नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने, 1775 साली, लिनियसचाच रिवाज पुढे चालवत. आणि हा पॉलिम्नेस्टर कोण? थ्रेसचा राजा, प्रायामचा जावई. ट्रॉयचं काही खरं नाही हे दिसल्यावर प्रायामने आपला धाकटा मुलगा पॉलिडोरस भरपूर सोनं देऊन याच्याकडे सुरक्षित ठेवायला पाठवला. ट्रॉय पडलं आणि याने सोन्यासाठी त्या पोराचा गळा कापला. पोराच्या आईने, हेक्युबाने, त्याचे डोळे फोडले.

मी तेव्हा नववीत होतो. बाईंशी भांडलोच. एवढ्या देखण्या जिवाला विश्वासघातक्याचं नाव कसं काय? बाई शांतपणे म्हणाल्या, "नाव देणाऱ्याने ते कधी उडताना पाहिलं नव्हतं. त्याच्यासमोर आलं ते मेलेलं, टाचणी टोचलेलं." लिनियसचंही तेच, त्याने स्वीडनची राणी लुइसा उलरिका हिच्या संग्रहातली फुलपाखरं अभ्यासली होती. बाई टाचणी म्हणाल्या तेव्हा माझ्याकडे पाहिलंही नाही. तरी मी पुढे बोललो नाही.

2015 साली महाराष्ट्राने हेच फुलपाखरू राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. असं करणारं आपलं पहिलं राज्य. मराठीत त्याला निलवंत म्हणतात, आणि ते नाव ज्याने सुचवलं त्याचे मी मनापासून आभार मानतो. बातमी वाचली त्या दिवशी मी बाईंना वसईला फोन लावला. "बाई, आपला पॉलिम्नेस्टर राज्याचा झाला!" त्यांना आनंद झाला. मग म्हणाल्या, "ते असू दे. आज हेक्टर किती?"

मी रोपवाटिकेतच उभा होतो. मोजून सांगितलं, "सात."

कुडाळजवळ माझी रोपवाटिका आहे, सत्तावीस वर्षं झाली. लिंबाची, कढीपत्त्याची रोपं नेणारे पंधरा दिवसांत तक्रार घेऊन येतात, अळीने पानं खाल्ली म्हणून. मी त्यांना बसवतो, पाणी देतो आणि डेमोलिअसच्या चिलखताची गोष्ट सांगतो. काही जण औषध विचारतच निघून जातात. पण बरेच जण एखादं जास्तीचं रोप घेऊन जातात, अळीच्या वाटणीचं. मागच्या बाजूला माकडलिंबू लावलाय, निलवंताच्या अळीसाठी. त्याचं लॅटिन आडनाव ॲटलांशिया, सोनेरी सफरचंदं उचलायला थांबली म्हणून शर्यत हरलेल्या ॲटलांटाचं.

बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. शाळेच्या अमृतमहोत्सवाला यायचं तर प्रवास झेपणार नाही म्हणाल्या. त्यांच्या वतीने आणि माझ्या वतीने मी शाळेला सापसंदाच्या सहा वेली देतो आहे. मागच्या गडग्याला, जिथे घाणेरी होती तिथे, कुंपणाच्या तारेवर चढवाव्यात. पहिल्या पावसानंतर तांबूस नारिंगी अंडी दिसतील, मग काळपट, अंगावर लाल गोंडे असलेल्या अळ्या. त्या वेली पार ओरबाडून टाकतील, पण वेली मुळातून पुन्हा फुटतात. शिपाईमामांना आणि बागेचं बघणाऱ्या मुलांना एवढंच सांगून ठेवावं, की पानं खाल्लेली दिसली तर औषध मारू नका. आणि आठवीच्या वर्गातल्या फळ्याचा वरचा कोपरा मोकळा ठेवा.

– एक माजी विद्यार्थी, दहावी, मार्च 1986 ची तुकडी