सरळ बिलं, वाकडी बिलं आणि माझं एडीडी

मला कामाचा कंटाळा नाही, हे आधीच सांगून टाकते. हे वाक्य इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐकवलंय की आता कुणी विचारायच्या आतच तोंडातनं निघतं.

मी अकाउंट्सला होते. व्हेंडरची बिलं यायची, ती परचेस ऑर्डरशी ताडून बघायची, नग बरोबर, दर बरोबर, टॅक्स बरोबर, ओके करा, पुढचं घ्या. दिवसाला साठ-सत्तर बिलं. अवघड काहीच नाही आणि गोम तिथंच होती, कारण अवघड असतं तर मी जेवणसुद्धा विसरून बसले असते. इथं पाचव्या-सहाव्या बिलालाच डोकं उठून भलतीकडं निघून जायचं, डोळे स्क्रीनवर, बोट माऊसवर, ओके ओके चालूच, फक्त मी तिथं नाही. एकदा १४५ नगांच्या जागी १,४५० आलेले, ते मी असेच पास केले. शून्य माझ्या डोळ्यांसमोर होतं हो, दिसलंच नाही!

आणि महिनाअखेरीला मी वेगळीच बाई. क्लोजिंगचे, म्हणजे महिन्याचे हिशेब बंद करायचे शेवटचे दोन दिवस, सगळे घामाघूम, आणि मी आठवडाभराचं तुंबलेलं काम एका दमात उपसायचे. यावर साहेबांचं ठरलेलं वाक्य, "म्हणजे जमतं तुला, मग रोज का नाही करत?" याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. बाथरूममध्ये जाऊन रडायचे आणि परत येऊन चुका करायचे.

तपासणीला गेले ती एडीडीसाठी, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या विकारासाठी नाहीच, झोप येत नाही म्हणून गेले होते. डॉक्टरांनी जागतिक आरोग्य संघटनेची १८ प्रश्नांची प्रश्नावली भरायला दिली, पण त्यावरून फक्त शंका घ्यायची असते, निदान होत नाही, हेही सांगितलं. मग थायरॉइड बघितलं, डिप्रेशन आहे का ते बघितलं, आणि शाळेची प्रगतिपुस्तकं आणायला सांगितली! कारण निकषांत असं आहे की काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांच्या आधीपासून दिसलेली असावी लागतात. आईनं पुस्तकं जपून ठेवली होती. चौथी, पाचवी, सहावी, तिन्हीत शेरा तोच, हुशार आहे पण लक्ष नसतं. दंगा मी कधी केला नाही, खिडकीतनं बाहेर बघत गप्प बसायचे, अशा पोरीकडं कोण बघतंय?

तसं एडीडी हे नाव जुनं झालं, १९८० साली आलं आणि १९८७ मध्ये त्याचं एडीएचडी केलं. मी जुनंच वापरते, कारण मधल्या त्या एचचा अर्थ अतिचंचलता असा सांगितला की लोक हसतात, तू तर तासन्‌तास एका जागी बसतेस म्हणतात. माझा प्रकार नुसता लक्ष न टिकण्याचा आहे. साहेबांच्या प्रश्नाचं उत्तरही तिथंच मिळालं. काम महत्त्वाचं आहे एवढ्यावर माझा मेंदू सुरू होत नाही, त्याला आवड लागते, नाहीतर डेडलाइन मानगुटीवर बसावी लागते. महिनाअखेरीला ती बसायची.

औषध सुरू झालं, मिथाइलफेनिडेट, कमी डोस, साधारण चार तास असर. आधी बीपी आणि नाडी बघितली. भूक मेली, तोंड कोरडं, ते चालून गेलं. पहिल्या आठवड्यात मी सलग चाळीस बिलं नीट बघितली आणि वाटलं सुटले बुवा एकदाची. मग एक दिवस गोळी घेतली आणि समोर चुकून जुना ईमेलचा ढीग उघडला, तर साडेतीन तास तोच लावत बसले, रंगीत लेबलं लावून वगैरे. बिलं तशीच. आणि चुका कमी झाल्या तरी घरी गेल्यावर बोलायचंही त्राण नसायचं. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की मी बरी झाले तरी हे काम माझं नाहीच.

पण लगेच सोडणं शक्य नव्हतं. २५ मिनिटांचा टायमर सगळे सांगतात, मी लावला, लक्ष लागलेलं असलं की नेमका वाजायचा आणि लागलेलं नसलं की मी टायमरकडंच बघत बसायचे. प्लॅनर तीन घेतले, तिन्ही दुसऱ्या आठवड्यापासून कोरे. उपयोग झाला तो आकडे तोंडानं वाचण्याचा, हळू आवाजात, बोट ठेवून, पहिलीतल्या पोरासारखं. तोंडानं म्हटलेलं शून्य सुटत नाही. दहा बिलं झाली की उठायचं, म्हणजे उठायचंच.

साहेबांना मी निदान सांगितलं नाही, अजूनही नाही. सांगावं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, मला ते प्रमोशनच्या वेळी आडवं येईल अशी भीती होती. मी एवढंच मागितलं की जाता जाता तोंडी सांगू नका, मेल टाका, आणि माझं क्लोजिंग दर शुक्रवारी थोडं थोडं बघा. दोन्हीला ते हो म्हणाले, इतक्या सहज की मला माझाच राग आला.

खरी सुटका शेजारच्या टेबलावर होती. तिथल्या ताईंना व्हेंडरला फोन करायचा म्हटलं की पोटात गोळा यायचा. जुळत नाहीत ती वाकडी बिलं त्या साठवून ठेवायच्या. मला तर तीच हवी होती, कुणी दोनदा बिल लावलंय, माल अर्धाच आलाय, जुना दर धरलाय, हे शोधायला मला पोलिसासारखी मजा येते. आधी आम्ही गुपचूप अदलाबदल केली, मग तीन महिन्यांचे आकडे घेऊन साहेबांकडं गेलो, लटकलेली बिलं निम्म्यावर आली होती. ते म्हणाले, हे आधी का नाही सांगितलं!

आता माझ्याकडं अधिकृतपणे वाकडी बिलं आहेत. शुक्रवारी थोडी सरळही करावी लागतात, त्यातनं सुटका नाही. परवा अकरा होती. मी वाचायला लागले की ताई न बोलता हेडफोन चढवतात.