तीन कोटेशन आणि कोंबडीची अंडी

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी विषय घेतला होता कोंबडीच्या गर्भातले जन्मदोष ओळखायचा. प्रयोग नीट झाला. छळलं ते कॉलेजच्या ऑफिसने, आणि तो राग अजून निवलेला नाही.

दुकानातली अंडी इथे चालत नाहीत. लेयर फार्मवर, म्हणजे खायच्या अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथे, कोंबडाच नसतो, त्यामुळे ती फलित नसतात. हॅचरीचीच, म्हणजे पिल्लं उबवतात तिथलीच लागतात. हॅचरीवाले फोनवर लगेच तयार झाले. पण खरेदीची फाईल ऑफिसात गेली आणि तिथेच बसली. "तीन कोटेशन जोडा." "सर, अंडी आहेत हो ती." "नियम आहे ना, ताई." कोटेशन जोडली, तर बिलावर जीएसटी का नाही ही शंका. कवचासकट अंड्यांवर जीएसटी लागतच नाही, हे मी अकाउंट सेक्शनला समजावत बसले. मग नोंद डेडस्टॉकला (टिकाऊ वस्तू) करायची की कन्झ्युमेबलला (वापरून संपणाऱ्या), यावर टेबलाटेबलांवर चर्चा. साहेब रजेवर, सही राहिली.

आणि हे सगळं सोलापुरातल्या एप्रिलमध्ये! फलित अंडी १५ अंशांच्या आसपास ठेवावी लागतात, तीही आठवडाभरच. साध्या खोलीत ठेवली तर इनक्युबेटरआधीच गर्भ अर्धवट वाढायला लागतो आणि तासांचा हिशोबच चुकतो. म्हणून गर्भाचं वय तासांवर मोजू नका. १९५१ साली हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांनी मांडलेले गर्भवाढीचे ४६ टप्पे बघून ठरवा. शेवटी मॅडमनी स्वतःच्या खिशातून अंडी आणवली. त्यांचे पैसे अजून यायचेत.

पुढचं सोपं. इनक्युबेटर ३७.५ अंशांवर, ट्रेमध्ये पाणी, चौथ्या-पाचव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून बघायचं. कोळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या की गर्भ जिवंत. जन्मदोष होतो का बघायला रसायन टोचलेल्या अंड्यांशेजारी नुसतं सलाईन टोचलेली अंडी हवीतच, कारण टोचण्यासाठी कवचाला खिडकी (छोटं भोक) पाडल्यानेही काही गर्भ मरतात किंवा वाकडे होतात. ही तुलना नसेल तर परीक्षक तिथेच धरतात.

सांगाडा रंगवून बघायचा तर गर्भ अल्कोहोलमध्ये ठेवा, फॉर्मॅलिनमध्ये नको. अल्शियन ब्लूने कूर्चा निळी, अलिझरिन रेडने हाडं लाल, मग पोटॅशियम हायड्रॉक्साईडने मांस पारदर्शक. यात घाई केली की गर्भ विरघळतो. निळ्या पायाला एक बोट कमी दिसलं, तेव्हा मी सगळ्या लॅबला बोलावून दाखवलं.

अंड्यांचा अर्ज मात्र जानेवारीतच टाका.