आमची वाटचाल : हाती सोल्डरिंगपासून शिसेमुक्त वेव्हपर्यंत

इलेक्ट्रॉनिक बोर्डांचं हाती सोल्डरिंग करणारं आमचं छोटं युनिट वेव्ह मशीनवर (वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून बोर्ड नेऊन सगळे सांधे एकदम जोडणाऱ्या मशीनवर) आलं आणि दोष शोधायची पद्धतच बदलली. हाताने काम करताना एक सांधा बिघडला तर तेवढाच बिघडतो. वेव्हवर सेटिंग हललं की पुढचा प्रत्येक बोर्ड तोच दोष घेऊन बाहेर पडतो. म्हणून आमच्याकडे नियम आहे : शॉर्ट (शेजारच्या सांध्यांना जोडणारे सोल्डरचे नको असलेले पूल) दिसले म्हणून लगेच पॉटचं, म्हणजे वितळलेल्या सोल्डरच्या टाकीचं, तापमान वाढवायचं नाही. आधी फ्लक्स (धातूचा पृष्ठभाग साफ करणारं रसायन) बघायचा, मग प्रीहीट (लाटेआधी बोर्ड तापवणं), मग लाटेचा स्पर्श आणि सगळ्यात शेवटी पॉट. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती रजिस्टरला लिहायची.

फ्लक्सची तपासणी सोपी आहे. भोकं असलेल्या रिकाम्या बोर्डाच्या वरच्या बाजूला थर्मल पेपर लावून तो फक्त स्प्रे फ्लक्सरवरून न्यायचा. अल्कोहोलवर आधारित फ्लक्स भोकांतून वर आला की कागदावर काळे ठिपके उमटतात. एखाद्या पट्ट्यात ठिपके फिके असतील तर स्प्रे नोझल तुंबलंय किंवा हवेचा दाब कमी पडतोय.

प्रीहीटबाबत पॅनेलवरच्या आकड्यावर विसंबू नये. तो हीटरचा असतो, बोर्डाचा नाही. बोर्डाच्या वरच्या बाजूला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवून आम्ही लाटेआधी साधारण 100 ते 130 अंश सेल्सिअस मिळतात का ते पाहतो. नेमका आकडा फ्लक्सच्या डेटाशीटमधूनच घ्यावा. चढ सेकंदाला 2 अंशांच्या आसपास ठेवतो, नाहीतर सिरॅमिक कपॅसिटर तडकतात. प्रीहीट कमी पडलं की सॉल्व्हंट उरतो, लाटेवर चटचट आवाज येतो, सोल्डर बॉल उडतात आणि सोल्डर भोकात वर चढत नाही. जास्त झालं तर फ्लक्स लाटेपर्यंत पोचण्याआधीच खर्ची पडतो आणि शॉर्ट, आयसिकल (सांध्यावरची सोल्डरची टोकं) दिसू लागतात. शॉर्ट फ्लक्स कमी पडल्यानेही होतात, म्हणूनच क्रम पाळायचा.

लाटेसाठी सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे रेघा आखलेली उष्णतारोधक काच. ती कन्व्हेयरवरून नेऊन लाटेवर थांबवली की खालून सोल्डरचा पट्टा स्पष्ट दिसतो. कन्व्हेयर मिनिटाला 1 मीटरने चालत असेल आणि पट्टा 50 मिमी रुंद असेल, तर प्रत्येक सांध्याला 3 सेकंद मिळतात. तोच पट्टा दुसऱ्या टोकाला 35 मिमी भरला तर तिथे जेमतेम 2 सेकंद. मग एकाच बाजूचे सांधे अर्धवट का भरतात हे वेगळं सांगावं लागत नाही : पॉट आणि कन्व्हेयर समांतर नाहीत, नाहीतर लाटेच्या नोझलमध्ये ड्रॉस (सोल्डरवरची गंजलेली साय) अडकलाय. लाट बोर्डाच्या निम्म्या जाडीपर्यंत यावी, म्हणजे 1.6 मिमीच्या बोर्डाला 0.8 मिमी. कन्व्हेयरचा उतार 5 ते 7 अंश.

खरी कसोटी शिसेमुक्त सोल्डरने पाहिली. युरोपात 1 जुलै 2006 पासून रोह्स (शिशासारख्या घातक पदार्थांवर मर्यादा घालणारा नियम) लागू झालं आणि निर्यातीच्या बोर्डांना 63/37 सोल्डर (63 टक्के टिन, 37 टक्के शिसं) चालेना. 63/37 सोल्डर 183 अंशांना वितळतं आणि पॉट 250 ला ठेवला तर वितळणबिंदूच्या वर 67 अंश हाताशी असतात. सॅक 305 हे टिन-चांदी-तांब्याचं शिसेमुक्त सोल्डर 217 ते 220 अंशांत वितळतं, पॉट 260 ला. उरतात 40. त्यामुळे प्रीहीट आणि स्पर्शाच्या वेळेतली थोडी ढिलाईही लगेच दिसते. टिनचं प्रमाण जास्त असल्याने साध्या स्टेनलेस स्टीलचा पॉट आणि इंपेलर (लाट उसळवणारा पंपाचा पंखा) झिजतात, टायटॅनियम किंवा संरक्षक लेप दिलेले भाग लागतात.

तांब्याचा हिशेबही वेगळा. पॅड (बोर्डावरच्या तांब्याच्या जोडजागा) आणि सुट्या भागांच्या पायांमधलं तांबं पॉटमध्ये विरघळत राहतं. 0.5 टक्क्यावरून ते 1 टक्क्याच्या जवळ गेलं की सोल्डर जड वाहतं, सांधे दाणेदार दिसतात, शॉर्ट वाढतात. शिशाच्या सोल्डरमध्ये पॉट थंड करून वर तरंगणाऱ्या तांबं-टिनच्या सुया काढून टाकता यायच्या. शिसेमुक्त सोल्डर हलकं असल्याने त्या तळाशी बसतात. म्हणून आम्ही पॉटचा नमुना नियमित लॅबला पाठवतो आणि तांबं चढलं की भर घालायला बिनतांब्याचे टिन-चांदीचे बार वापरतो.

ब्लोहोल (वाफ बाहेर पडताना सांध्यात होणारी छिद्रं) मात्र मशीनवर सुटत नाहीत. ते बोर्डातल्या ओलाव्याने होतात. 105 अंशांना काही तास बेक करून गेले तर साठवणूक सुधारायची, नाही गेले तर भोकातलं तांब्याचं प्लेटिंग पातळ किंवा फाटलेलं आहे का, हे छेद घेऊन बघायचं.

आता नवा बोर्ड आला की ड्रॉइंग आधी मागतो. भोक पायापेक्षा 0.2 ते 0.4 मिमी मोठं हवं, ग्राउंड प्लेनला (तांब्याच्या मोठ्या पत्र्याला) जोडलेल्या पॅडला थर्मल रिलीफ (उष्णता पत्र्यात पळू न देणारी बारीक जोडणी) हवा, कनेक्टरची रांग कन्व्हेयरच्या दिशेने हवी, तिच्या शेवटच्या पिनमागे जास्तीचं सोल्डर ओढून घेणारा मोकळा पॅड हवा. पाय बोर्डाखाली दीड मिमीच्या आसपासच कापायचे, लांब पाय शॉर्टला निमंत्रण देतात.