आमची वाटचाल : फ्रेमच्या दुकानातून मुद्राचित्रांकडे

ठाण्यातल्या आमच्या नौपाड्याच्या दुकानात गल्ल्याखालच्या खणात कागदाची एक पट्टी ठेवलेली आहे. दीड इंच रुंद, दोन वीत लांब. तिच्यावर शिसपेन्सिलीनं डावीकडे १७/७५ लिहिलंय आणि उजवीकडे एक सही. ही पट्टी मी २००६ साली एका लिथोग्राफवरून, म्हणजे दगडावरून छापलेल्या चित्रावरून, स्वतःच्या हातानं कापली. आमचा आजचा धंदा तिथून सुरू झाला असं मी म्हटलं की बाबा चिडतात, कारण दुकान त्यांनी १९८१ साली टाकलं.

ते दुकान फ्रेमचं. देवादिकांच्या तसबिरी, हार घालायचे फोटो, लग्नाचे फोटो, पदवीची सर्टिफिकिटं. जुन्या घरांतून रविवर्म्यांच्या लक्ष्मी-सरस्वती यायच्या, काहींवर जर आणि टिकल्या चिकटवलेल्या. मागचा पुठ्ठा सडलेला, कडा कसरीनं खाल्लेल्या. आम्ही कडा सरळ कापायचो, चित्र खळीनं हार्डबोर्डावर चिकटवायचो, काच चकचकीत पुसून द्यायचो. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि ही चित्रं एकेका रंगाला वेगळा दगड घेऊन छापली जायची, हे मला फार उशिरा कळलं. कित्येक चित्रांच्या तळाशी छापखान्याच्या नावाची ओळ असायची. त्यातल्या किती आमच्या कटरखाली गेल्या, तो हिशोब मी मांडत नाही.

२००६ सालचे ते गिऱ्हाईक म्हणजे पाचपाखाडीतले एक निवृत्त इंजिनिअर. पॅरिसहून आणलेलं, लाल-काळ्या आकारांचं एक चित्र घेऊन आले. घाईत होते, तयार फ्रेम हवी होती. चित्र खालून दीड इंच जास्त भरत होतं. मी स्टीलची पट्टी धरली आणि कटर फिरवला. मला तर खाली नुसता कोरा कागदच वाटला! संध्याकाळी काका चित्र न्यायला आले, बघितलं, आणि काही न बोलता स्टुलावर बसले. बाबा नुकसानीचे पैसे द्यायला निघाले होते, त्यांनी घेतले नाहीत. मी कचऱ्याच्या डब्यातून पट्टी शोधून पुढे केली तर म्हणाले, "राहू दे तुझ्याकडेच." रागावले असते तर परवडलं असतं.

पुढच्या शनिवारी ते परत आले आणि त्यांनी मला तासभर लिथोग्राफ समजावला. चित्रकार चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर चरबीच्या खडूनं चित्र काढतो. दगड ओला केला की कोऱ्या भागात पाणी धरून राहतं. मग तेलकट शाईचा रूळ फिरवायचा. शाई खडूच्या रेघांवरच बसते, पाण्यावर बसत नाही. बव्हेरियात सेनेफेल्डर नावाच्या माणसानं १७९० च्या दशकात ही युक्ती काढली, तीसुद्धा चित्रांसाठी नव्हे, स्वतःची नाटकं स्वस्तात छापायला. ठरलेल्या प्रती निघाल्या की दगड घासून पुसून टाकतात. १७/७५ म्हणजे पंचाहत्तरांतली सतरावी. मी विचारलं, "मग मूळ चित्र कुठे असतं?" काका म्हणाले, "हेच मूळ. पंचाहत्तरही मूळच. दगडावर होतं ते उलटं, आणि तेही आता नाही."

त्यानंतर मी प्रिंट, म्हणजे मुद्राचित्र, या शब्दाच्या मागेच लागले. वागळे इस्टेटमध्ये आमच्या ओळखीचे एक स्क्रीन प्रिंटिंगवाले होते, मशिनच्या डायलवरचे आकडे आणि कंपन्यांची लेबलं छापायचे. त्यांना मी एक सेरिग्राफ, म्हणजे स्क्रीनवरून छापलेलं चित्र, दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद उजेडात तिरका धरला आणि बोटांवर मोजत म्हणाले, "चौदा रंग. चौदा स्क्रीन. आणि एकही हललेला नाही." चित्रात काय काढलंय ते त्यांनी बघितलंसुद्धा नाही. एवढी खरी दाद मी नंतर कुठल्या प्रदर्शनातही ऐकली नाही.

२००९ साली पहिल्या पाच प्रिंट विकायला ठेवल्या. मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात प्रिंटमेकिंग शिकलेल्या मुलांच्या, थेट त्यांच्याकडून रोख पैसे देऊन घेतलेल्या. वर्षभरात दोन गेल्या. त्याच सुमारास वागळेतल्या एका बंद पडलेल्या कारखान्याचं ड्रॉइंग ठेवायचं लोखंडी कपाट भंगारात मिळालं, उथळ रुंद खणांचं. आमच्या दुकानातली ही सगळ्यात उपयोगी खरेदी.

२०११ साली मी सणसणीत फसले. मुंबईतल्या एका विक्रेत्याकडून तीन 'लिथोग्राफ' घेतले. घरी भिंगाखाली धरले तर रंगीत ठिपक्यांची बारीक फुलं दिसली. ऑफसेटवर छापलेली पोस्टरं. गंमत अशी की तो माणूस पूर्ण खोटंही बोलला नव्हता. ऑफसेट छपाई त्याच तेल-पाण्याच्या तत्त्वावर चालते, त्यामुळे 'ऑफसेट लिथोग्राफ' म्हणायला तो मोकळा. सही मात्र खऱ्या पेन्सिलीची होती. सहीवर किती भिस्त ठेवायची? साल्वादोर दालीनं तर हजारो कोऱ्या कागदांवर सह्या करून दिल्या होत्या, चित्र मागाहून. तेव्हापासून मी आधी भिंग काढते. दगडावरच्या खडूचा दाणा वेडावाकडा असतो, धातूच्या पत्र्यावर आम्लानं रेघा खोदून छापलेल्या एचिंगभोवती पत्र्याच्या कडेचा दाब कागदात उमटलेला असतो, बोटाला लागतो. नंबर लहान म्हणून किंमत जास्त मागणाऱ्याला मी हसून सोडते. ड्रायपॉइंटमध्ये, म्हणजे पत्र्यावर सुईनं थेट कोरलेल्या चित्रात, रेघेची धार झिजते, तिथे पहिल्या प्रती सरस ठरतात. नीट छापलेल्या लिथोमध्ये तिसरी आणि तेहतिसावी सारखीच.

जीएसटी आला तेव्हा आमच्या अकाउंटंटनं सगळा माल कराच्या ४९११ या कोडखाली, म्हणजे छापील चित्रांत, टाकला होता. मी ९७०२ दाखवलं: मूळ एन्ग्रेव्हिंग, प्रिंट आणि लिथोग्राफ. पत्रा किंवा दगड कलावंतानं पूर्णपणे हातानं केलेला हवा, फोटोवरून किंवा यंत्रानं केलेला चालत नाही, अशी तिथे अट आहे. काकांनी स्टुलावर बसून सांगितलेलंच करखात्यानं लिहून ठेवलं होतं.

लॉकडाऊनमध्ये फ्रेमचं काम ठप्प झालं, घरभाडं प्रिंटनी काढलं. एवढंच.

आता गिऱ्हाईक बहुतेक घोडबंदर रोडचे. टॉवरची बाहेरची भिंत पावसाळ्यात ओल धरते, आणि सोफ्यामागची मोठी भिंत नेमकी तीच निघते. मी आधी विचारते, पाऊस कुठल्या बाजूनं येतो? त्या भिंतीवर कागद लावायचा नाही. हार्डबोर्ड नाही, खळीचा लपेटा नाही, सेलोटेप तर नाहीच. मागे-पुढे आम्लमुक्त माउंट, वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन लहान बिजागऱ्या गव्हाच्या खळीनं लावलेल्या, आणि चित्र काचेला टेकू नये इतकी पोकळी. खर्च साध्या फ्रेमच्या तिप्पट येतो. काही जण उठून जातात. बाबा अजून कुरकुरतात, पण बिजागऱ्या तेच लावतात. माझा हात तेवढा हलका नाही.

कटरवर नवीन माणूस बसवायच्या आधी मी त्याला खणातली पट्टी दाखवते. गेल्या महिन्यात लागलेला मुलगा ती उलटसुलट करून बघत म्हणाला, "ताई, मागून जपानी कागद लावून परत जोडता आली असती की."

मी काकांना फोन केला. चित्र अजून भिंतीवर आहे. रविवारी घेऊन येतायत.