लघवीचा रिपोर्ट

पुण्याबाहेरच्या एका वृद्धाश्रमात मी दर गुरुवारी जातो. त्या दिवशी नोंदवहीत आजींच्या नावापुढे लिहिलं होतं : दोन दिवस असंबद्ध बोलतात, रात्री झोप नाही, लघवीला वास.

आजी 84 वर्षांच्या, वजन 41 किलो, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड चालू. ताप नव्हता, जळजळ नव्हती, ओटीपोटात दुखत नव्हतं. पण लघवी आधीच कल्चरला, म्हणजे जंतूंच्या तपासणीला, जाऊन आली होती. ई. कोलाय जंतू, मिलीलीटरला एक लाखाच्या वर. तेवढ्यात नाशिकहून मुलाचा फोन. "डॉक्टर, मागच्या वर्षीही लघवीचं इन्फेक्शनच निघालं होतं. या वेळी जरा स्ट्राँग द्या काहीतरी."

मला माहीत नव्हतं असं नाही. वृद्धाश्रमांत राहणाऱ्या बायकांपैकी पाव ते निम्म्या जणींच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू सापडतात. ते तिथे नुसते राहत असतात, त्यांना औषध द्यायचं नसतं. इंटर्न मुलांना हे मी स्वतः सांगत आलोय. पण रिपोर्ट हातात होता, बाहेर अकरा जण ताटकळले होते. 'लेव्होफ्लोक्सासिन 500, रोज एक, सात दिवस' असं अँटिबायोटिक लिहून मोकळा झालो. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणारा रक्तातला आकडा, 1.1 होतं. नॉर्मल, म्हटलं.

शनिवारी पहाटे पावणेपाचला सिस्टरचा फोन आला. मावशी चादर बदलायला गेल्या तर आजी घामानं चिंब, आणि हाकेला ओ देत नाहीत. साखर बघायला सांगितली. 38.

सिस्टर खमकी. त्या बारीक, पळणाऱ्या शिरेत तिनं सुई घातली आणि मी पोचेपर्यंत 25 टक्के डेक्स्ट्रोजची, म्हणजे ग्लुकोजची, बाटली संपत आली होती. आजींनी डोळे उघडले, खोलीतल्या सगळ्यांकडे बघितलं आणि विचारलं, "कोण गेलं?"

ग्लिमेपिराइडनं उतरलेली साखर एकदा वर आली तरी पुन्हा घसरते, म्हणून त्यांना दोन दिवस रुग्णालयात ठेवलं. तिथल्या बाकावर बसून मी केसपेपरच्या पाठीमागे जे गणित केलं, ते गुरुवारी करायला हवं होतं. वय आणि वजन धरून हिशेब केला तर त्या 'नॉर्मल' 1.1 मागे मूत्रपिंडाचं काम मिनिटाला जेमतेम 25 मिलीलीटर निघालं. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंतून. अंगावर मांसच नाही, तर ते वाढणार कुठून? लेव्होफ्लोक्सासिन बाहेर पडतं मूत्रपिंडातूनच. पहिल्या दिवसानंतर डोस निम्मा करायला हवा होता. शिवाय या जातीची औषधं स्वतःच साखर खाली आणू शकतात, आणि जोडीला ग्लिमेपिराइड असेल तर विचारूच नका. अमेरिकेच्या औषध-नियंत्रक संस्थेनं, एफडीएनं, 2018 मध्ये हा इशारा अधिक ठळक करायला लावला. त्याच इशाऱ्यात भ्रम आणि अस्वस्थपणाही आहे. म्हणजे ज्या बडबडीसाठी मी गोळी दिली, ती बडबड वाढवू शकणारी गोळी.

मग ती बडबड आली कुठून? नोंदवहीची मागची पानं उलटली. पाच दिवस शौचाला झालेलं नव्हतं, आणि सर्दीसाठी रोज रात्री क्लोरफेनिरामीन. ही गोळी या वयात डोकं भ्रमिष्ट करते आणि बद्धकोष्ठही करते. कोणी सुरू केली याची नोंद नव्हती. माझ्या अक्षरात नव्हती, एवढंच समाधान. तेही फार टिकलं नाही, कारण गुरुवारी ती पानं मी उलटलीच नव्हती. लघवीचा वासही बहुधा पाणी कमी प्यायल्याचा. रात्री उठावं लागतं म्हणून आजी संध्याकाळनंतर घोटही घेत नसत, असं मावशी म्हणाल्या. मावशींना हे महिनाभर माहीत होतं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

अँटिबायोटिक बंद, सर्दीची गोळी बंद, ग्लिमेपिराइड तर कायमचं बंद. एनिमा दिला. मंगळवारी आजी शेजारच्या पलंगावरच्या बाईंशी पंख्याच्या वेगावरून भांडत होत्या, अगदी मुद्देसूद.

मुलाला फोन करून सगळं सांगितलं. गोळी मीच लिहिली होती, हेही. तो बराच वेळ गप्प राहिला.

"मग डॉक्टर, त्या जंतूंचं काय?"

"दोनच गोळ्या गेल्या. असतील अजून तिथेच."