कोकणच की, त्यात काय!

"श्रीलंका म्हणजे आपलं कोकणच ना? मग तिथं कसली एवढी फजिती होते?" आमच्या सहलीचा विषय निघाला की हा प्रश्न हटकून येतो. थायलंड-व्हिएतनामला गोंधळ झाला असता तर समजून घेतलं असतं, पण नारळ, फणस, भात आणि मासळीच्या देशात दोन धडधाकट बायका एवढ्या कशा गडबडल्या, असा विचारणाऱ्याचा सूर असतो.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कोकणासारखंच आहे, तिथंच तर गोची झाली. व्हिएतनाममध्ये आम्ही चार वेळा विचारून पाऊल टाकलं असतं. इथं विचारलंच नाही.

मी आणि माझी कोल्हापूरची मैत्रीण, दोघी चाळिशी ओलांडलेल्या, पाठीवर सॅक टाकून सोळा दिवस हिंडलो. कँडीत ज्या घरी उतरलो तिथल्या मालकीणबाई फार प्रेमळ. मैत्रिणीला त्यांनी लगेच 'अक्का' केलं. ती सुखावली, म्हणाली, बघ, घरच्यासारखं आहे. तेवढ्यात त्या माझ्याकडे वळून मोठ्यानं म्हणाल्या, "नंगी, एन्न!" मी नुकतीच अंघोळ करून आलेली. आधी ओढणी चाचपली, मग गाऊनची बटणं. सगळं जागच्या जागी. सिंहलीत नंगी म्हणजे धाकटी बहीण आणि एन्न म्हणजे या, हे कळायला पाच मिनिटं लागली. कळल्यावर मी हसले आणि मैत्रीण चिडली, कारण ती माझ्याहून फक्त सहा महिन्यांनी मोठी आहे. केस रंगवत नाही, एवढंच.

त्याच रात्री जेवण झाल्यावर तिनं पान मागितलं. तिला जेवणावर पान लागतं, गोविंद विडा असेल तर उत्तमच. बाईंनी मान डोलावली, आत गेल्या आणि पावाची अख्खी लादी घेऊन आल्या. आम्ही भाताचा डोंगर संपवून बसलेल्या. "पान," बाई म्हणाल्या, आणि लादी पुढं सरकवली. तिकडे पावाला पान म्हणतात. शब्द पोर्तुगीजांचा, ते १५०५ मध्ये लंकेला लागले आणि पाच वर्षांनी गोव्यात घुसले. एकाच शब्दाचा आपण पाव केला, त्यांनी पान केलं. हे ज्ञान मला त्या रात्री नव्हतं. बाईंचं मन मोडायला नको म्हणून दोघींनी दोन-दोन तुकडे खाल्ले. खायच्या पानाला बुलत म्हणतात, तेही पुढं कळलं.

सगळ्यात भारी प्रकार गॉलजवळच्या एका गावात झाला. सकाळी साडेसहाला लांबून गाण्याची धून ऐकू आली, भोंग्यावर वाजवतात तशी चिरकी. मैत्रीण ताडकन उठली. "घंटागाडी आली गं! थांब, मी जातो." (कोल्हापूरची आहे, 'जातो'च म्हणते.) खोलीतल्या कचऱ्याची पिशवी आदल्या दिवसापासून तुंबलेली, अननसाची सालं, शहाळ्याच्या नळ्या, केळ्यांची सालं. ती उचलून ही अनवाणी पळत सुटली. मी खिडकीतून बघतेय. धून बीथोव्हेनची होती, आणि गाडी म्हणजे एक रिक्षा. मागच्या बाजूला काचेचं कपाट. हिनं "भैया, रुको!" असं हिंदीत ओरडून रिक्षा थांबवली. रिक्षावाल्यानं खाली उतरून अदबीनं कपाटाचं दार उघडलं. हिनं त्याच अदबीनं पिशवी आत ठेवायला हात पुढं केला.

आत पाव होते. गरम, नुकते भाजलेले. साखर भुरभुरलेले लांबट 'किंबुला बनिस', म्हणजे मगरीचे बन, आणि माशाचं सारण भरलेले तिकोनी 'मालु पान'. तिकडची ही फिरती बेकरी, धून वाजवत दारोदार येते. सालं आणि बन यांच्यात जेमतेम वीतभर अंतर उरलं होतं तेव्हा बाईसाहेबांना उजेड पडला. तिनं पिशवी पाठीमागे लपवली आणि भरपाई म्हणून नऊ बन घेतले. आम्ही दोघी. दोन दिवस तेच खाल्ले. रिक्षावाला जाताना पिशवीकडे बघून हसला, पण काही बोलला नाही, भला माणूस.

बसचा प्रकार मात्र आठवला की अजून कान गरम होतात. एलाहून मातारला जायची बस लालभडक, अगदी आपली एसटी. चढल्याबरोबर पुढची जागा रिकामी, वर फिकट झालेलं काहीतरी लिहिलेलं. लिपी येत नसली तरी अर्थ सरळ होता, महिलांसाठी राखीव. मैत्रीण ऐसपैस बसली, मी पलीकडे सॅक सांभाळत उभी. दोन थांब्यांनंतर एक वयस्कर बौद्ध भिक्खू चढले आणि तिच्याजवळ येऊन नुसतेच उभे राहिले. म्हातारा माणूस उभा बघून हिला गलबलून आलं. खिडकीकडे सरकली, शेजारची जागा थोपटली आणि म्हणाली, "या ना बाबा, बसा!" सगळी बस गप्प. त्या पुढच्या जागा भिक्खूंसाठी राखीव असतात, आणि भिक्खू बाईच्या शेजारी बसत नाहीत. हिनं दुसऱ्यांदा थोपटलं. शेवटी कंडक्टरनं तिकिटाच्या यंत्रानं मागची दिशा दाखवली. ती उठताना भिक्खूंना वाकून नमस्कार करणार होती, मी मागून कुर्ता धरला. बहुतेक पाय शिवले असते.

सिंहराजाच्या जंगलातल्या जळवांचं सांगत नाही. आंबोली पाहिलेल्यांना नवं नाही आणि न पाहिलेले जेवत असतील.

उरलं खाणं. ती गुरुवार पाळते, दत्ताचा. गुरुवारी न्याहारीला ओल्या नारळाची लाल चटणी आली, तिकडचा पोल सांबोल. खोबरं, लाल मिरची, कांदा, लिंबू. आपल्यासारखीच. तिनं तीनदा वाढून घेतली. मग चटणीतल्या तपकिरी कणांना काय म्हणतात ते विचारलं. उंबलकड. शिजवून, धुरावर धरून, उन्हात लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवलेला मासा. ती बराच वेळ ताटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दत्तगुरूंना माहीत आहे, मी विचारलं नव्हतं."

चव आवडली होती, त्यामुळे येताना अख्खा तुकडा कागदात गुंडाळून आणला आणि ओट्यावर ठेवून झोपली. तिच्या सासूबाई त्या वेळी सर्दीनं बेजार, नाकाला वास म्हणून नाही. सकाळी मैत्रिणीचा फोन आला, आवाज खोल गेलेला. सासूबाईंना वाटलं, सून श्रीलंकेहून चंदनाचं खोड घेऊन आली. सहाणेशेजारी ठेवलं होतं, उगाळायला सुरुवातही झाली होती.

वार गुरुवार होता.