पौल रागावला होता की रडत होता?

आमच्या वसईकडे मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, सुटली तरी मंडळी लगेच पांगत नाहीत. त्या उपासनेत आमच्यापैकीच कुणीतरी बायबलमधली वाचनं मोठ्यानं वाचतं, कधी मीही. त्या घोळक्यात कुणीतरी मला विचारतंच, "तुम्ही वाचलंत की आत लागतं. आम्ही वाचलं की नुसते शब्द जातात. आवाजाचं काही शिक्षण घेतलंय का?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. शिक्षण नाही, मला एका प्रश्नानं वाचायला शिकवलं.

१३ ऑगस्ट २०१७ चा रविवार. दुसरं वाचन माझ्याकडे होतं: बायबलमधलं प्रेषित पौलाचं रोमकरांस पत्र, नवव्या अध्यायातली पहिली पाच वचनं. घडाघडा वाचलं, एक उच्चार चुकला नाही. लोक "देवाला धन्यवाद" म्हणाले, मी जागेवर येऊन बसले. बाहेर ऐंशीला टेकलेल्या मावशीनं हात धरला आणि आमच्या कादोडी बोलीत विचारलं, पौल रागावला होता की रडत होता गं?

मला सांगता येईना.

मावशी चिडली नाही. तिच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची. फादर वेदीवर वाचायचे, बाया बाकांवर रोझरीची माळ ओढत बसायच्या. १९६२ ते ६५ ची कॅथलिक चर्चची व्हॅटिकन परिषद झाली आणि वाचनं मराठीत आली. "इतकी वर्षं न कळता ऐकलं," ती म्हणाली, "आता आपल्या भाषेत आलंय, तर कळू दे की."

घरी येऊन पुन्हा उघडलं. पौल म्हणतो, माझ्या अंतःकरणात दुःख आहे, वेदना थांबत नाहीत. माझ्या भाऊबंदांसाठी मी स्वतः ख्रिस्तापासून तुटायलाही तयार आहे. माणूस रडत होता, आणि मी वाण्याची यादी वाचावी तसं वाचून आले होते.

तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी मावशीच्या ओट्यावर बसते आणि दुसऱ्या दिवशीचं वाचन तिला कादोडीत सांगते. पुस्तक मिटून. जिथे अडखळते तिथे मला कळलेलं नसतं, इतकं सोपं आहे. 'नीतिमान' या शब्दावर आम्ही दोघी अर्धा तास बसलो होतो. चर्चमध्ये मात्र छापलेला शब्दन् शब्द तसाच वाचायचा, त्यात वाचकानं आपलं काही घालायचं नाही. पण 'नीतिमान' म्हणताना आता मला एक खरा माणूस दिसतो, आणि तो ऐकणाऱ्यापर्यंत जातो असा माझा अनुभव आहे. आवाज चढवून, हातवारे करून ते होत नाही. संदेष्ट्याचा आवाज काढायला जाऊ नका, लोक मग तुम्हालाच ऐकतात.

रविवारची वाचनं तीन वर्षांनी फिरून येतात. २०२० च्या ऑगस्टमध्ये चर्च बंद होती. २०२३ मध्ये तोच रविवार आला आणि त्या वेळी पहिलं वाचन माझ्याकडे आलं: होरेब डोंगरावर देवाची वाट पाहणारा संदेष्टा एलीया. प्रचंड वारा सुटतो, पण परमेश्वर वाऱ्यात नसतो. भूकंप होतो, त्यातही नसतो. अग्नी येतो, अग्नीतही नसतो. शनिवारी हे सांगताना मावशी म्हणाली, "तिसऱ्यांदा 'नाही' म्हणशील तेव्हा थांब. एलीयासुद्धा थांबला असेल. आता येतो की नाही देव, म्हणून."

मी थांबले. पुस्तकावर बोट ठेवून मनातल्या मनात तीन अंक मोजले. बाहेर पागोळ्या गळत होत्या, त्या ऐकू यायला लागल्या. मागच्या बाकावरचं एक मूल गप्प झालं. मग अग्नीनंतर येणारी ती मंद, शांत वाणी वाचली, तोंड माइकच्या जराही जवळ न नेता.

९ ऑगस्ट २०२६ ला हाच रविवार पुन्हा आहे. विचारणाऱ्यांपैकी कुणीतरी पौलाचं वाचन घ्या. आदल्या संध्याकाळी मावशीच्या ओट्यावर या, पुस्तक घेऊन. ती पहिला प्रश्न कोणता विचारेल, ते तुम्हाला आता ठाऊक आहे.